पहिला कार्यक्रम ठरला? मग गाण्याआधीचं आणि गाण्यानंतरचं थोडं

क्लासमधल्या एका मुलीला गणेशोत्सवात पहिला स्वतंत्र कार्यक्रम मिळाला. चाळीस मिनिटं. रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, "ताई, काय गाऊ?" मी विचारलं, तबल्याला कोण आहे, त्याला पट्टी (कुठल्या सुराला सा धरून गाणार ते) सांगितलीस का, तंबोरा कुठला, तुझ्या आधी कोण गातंय. चारही प्रश्नांना एकच उत्तर आलं, "ते मंडळवाले बघतील."

मंडळवाले मांडव बघतात, वर्गणी बघतात, पाहुण्यांची शाल बघतात. तुमची पट्टी कोणी बघत नाही. गाणं येणं वेगळं आणि कार्यक्रम करता येणं वेगळं, आणि हे दुसरं संगीत विशारद परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाही. मी पंधराएक वर्षं ख्याल, नाट्यपदं, अभंग असं सगळं गाते. जिथून पुन्हा बोलावणं आलं तिथे ते माझ्या तानांमुळे फार कमी वेळा आलं. वेळेवर पोचले, साथीदारांशी नीट वागले, ठरलेल्या वेळेला उठले, म्हणून आलं. हे स्वतःशी कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

खाली लिहिलंय ते बैठकीवर मांडी घालून गाणाऱ्यांसाठी आहे. ऑर्केस्ट्रात गाणाऱ्यांनी साऊंडचा आणि पैशांचा भाग वाचावा, बाकीचा सोडला तरी चालेल.

१. रोजचा दिवस लावून घ्या

लोकांना वाटतं, गायक म्हणजे सकाळभर तंबोरा घेऊन डोळे मिटून बसलेला माणूस. माझ्या ओळखीतले बहुतेक गायक शिकवण्यांवर जगतात. संध्याकाळी पाच ते नऊ क्लास, शनिवार-रविवारी ऑनलाइन अमेरिकेतले आणि दुबईतले विद्यार्थी, आणि मधे कुठेतरी चेपून बसवलेला स्वतःचा रियाज. म्हणून रियाज दिवसाच्या सुरुवातीलाच उरकायचा. संध्याकाळवर ढकललेला रियाज होत नाही, हे मी लिहून देते.

उठल्याउठल्या ताना मारू नका. झोपेतून उठल्यावर आवाज उतरलेला, जड असतो, आणि त्याच वेळी खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, सहज लागतो. जुन्या लोकांनी खर्जाची साधना पहाटेला ठेवली ती उगाच नाही. मध्य षड्जापासून (मधल्या सप्तकातल्या सापासून) खाली एकेक सूर धरायचा, श्वास पुरेल तेवढा. मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या पपर्यंत) गेलात तरी पुष्कळ. अर्ध्या तासाने चहा, मग पलटे (सुरांचे क्रम उलटसुलट गायचे), मग त्या आठवड्याचा राग. सोसायटीत राहत असाल तर एक लक्षात ठेवा, खर्ज भिंतीतून जातो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात थांबवून विचारलं होतं, "तुमचा मिक्सर बिघडलाय का गं? पहाटे घरघर येते." तेव्हापासून साडेसहाच्या आत मी तोंड उघडत नाही.

आवाज गाण्यापेक्षा बोलण्याने जास्त बसतो. काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्या बाईचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण २०८ कंपनं. त्या सुरावर सलग तासभर गायलं तर स्वरतंतू सात लाखांहून जास्त वेळा एकमेकांवर आपटतात. वर तार सप्तक आहेच, तिथे हिशेब दुप्पट. एवढं झाल्यावर संध्याकाळी क्लासमध्ये वीस पोरांच्या गोंगाटावर आवाज चढवून बोललात, की दुसऱ्या दिवशी गंधार फाटलाच. शिकवताना पेटीवर वाजवून दाखवा, एकदाच गाऊन दाखवा, आणि टाळी वाजवून गप्प करा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी क्लास ठेवत नाही. त्या दिवशीची फी बुडते, ती बुडू द्यायची.

खाण्यापिण्याबद्दल प्रत्येक गुरूचं वेगळं शास्त्र असतं. कोणी दही सोडायला लावतं, कोणी केळं, कोणी चिंच-लोणचं. माझं मत असं, की गिळलेली कुठलीच गोष्ट स्वरतंतूंना शिवत नाही, ती अन्ननलिकेतून जाते. जेष्ठमध, खडीसाखर तोंडात धरली की लाळ सुटते, घसा ओला वाटतो, एवढाच त्यांचा उपयोग, आणि तेवढा पुरेसाही आहे. कडक पुदिन्याच्या गोळ्या मात्र टाळा. घसा बधिर झाला की आपण किती जोर लावतोय ते कळत नाही.

खरा शत्रू उशिराचं जेवण. कार्यक्रम साडेनऊला संपतो, यजमानांच्या घरी पानं मांडलेली असतात, मसालेभात, अळूवडी, श्रीखंड, आणि "गाणाऱ्याने पोटभर जेवलंच पाहिजे" असा आग्रह. साडेअकराला जेवून बाराला आडवं झालं की रात्रभर आम्ल घशाशी येतं आणि सकाळी आवाजाला वाळू लागलेली. मी दोन घास खाते आणि श्रीखंड डब्यात मागून घेते. यजमानही खूश होतात.

२. फोन आला की लगेच हो म्हणू नका

"आमच्याकडे छोटासा कार्यक्रम आहे, याल का?" यावर आनंदाने हो निघून जातं. तरी एक दिवस मागा आणि तोवर एवढं विचारून घ्या: हॉल आहे की मोकळं मैदान, तुमच्या वाट्याला नक्की किती वेळ, आधी आणि नंतर कोण, साथीदार कोण ठरवणार, जाण्या-येण्याचं काय, मानधन किती. मानधनाचा आकडा विचारताना जीभ अडखळते, माझी अजून अडखळते. फोनवर नाही जमलं तर मेसेज करा. लिहिलेलं पुढे उपयोगीही पडतं.

मैदान की हॉल हे विचारायचं कारण निव्वळ डासांचं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त १५, रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. बंदिस्त सभागृहाला ही अडचण नाही. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा. मालकंस, दरबारी ऐकून लोक पहाटे ललत-भैरवला पोचायचे. आता तोही घड्याळ बघून संपतो. तेव्हा तुमचं मंडळ दहाच्या ठोक्याला पोलिसांकडे बघत असेल यात नवल नाही. मैदानावर शेवटचा नंबर तुमचा असेल, तर आधीच्यांनी खाल्लेला प्रत्येक मिनिट तुमच्यातून कापला जाणार. दिवाळी पहाट मैदानावर असेल आणि वेळ साडेपाचची सांगत असतील, तर परवानगीचं काय ते विचारा.

आणखी एक गोष्ट धरून चाला. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, सत्कारमूर्तींचं मनोगत आणि प्रायोजकांचे आभार यांत निदान अर्धा तास जातो. पत्रिकेवर साडेसहा असेल तर तुमचा षड्ज सव्वासातला लागेल.

फुकट गायचं का? गुरुपौर्णिमेला गुरूंसमोर आणि ज्या देवळाशी आपलं नातं आहे तिथे, जरूर. "तुम्हाला व्यासपीठ मिळतंय ना" असं म्हणणाऱ्यांकडे मांडववाला, केटरर आणि साऊंडवाला यांपैकी कोणी फुकट आलाय का, हे हळूच विचारावं. आणि तुम्ही फुकट गायचं ठरवलंत तरी तबलजी आणि पेटीवाल्याच्या वतीने ते ठरवायचा हक्क तुम्हाला नाही. त्यांचे पैसे मंडळाकडून नाही आले तर आपल्या खिशातून द्यायचे, त्याच रात्री.

३. साथीदारांशी स्वतः बोला

इथे माझीच फजिती सांगते. एका गावातल्या कार्यक्रमात तबलजी आयोजकांनीच ठरवले होते. "त्यांना सगळं कळवलंय" असं मला सांगितलं, आणि मी मान डोलावली. माझी पट्टी काळी चार. आदल्या दिवशी तिथे एक पुरुष गायक काळी एकमध्ये गाऊन गेले होते, आयोजकांनी तोच निरोप पुढे दिला. तबलजींनी एकच तबला आणला, काळी एकचा. तबला सुराच्या थोडा वर-खाली होतो. काळी एकवरून काळी चारला नेलात तर कातड्याचं पान तरी फुटेल नाहीतर तबला बोलेनासा होईल.

मी यमन ठरवला होता. काळी चारच्या षड्जाला काळी एक म्हणजे शुद्ध मध्यम, साधा म. यमनला लागतो तीव्र मध्यम, त्याच्या लगतचा वरचा सूर, आणि तबला दोन तास शुद्ध मध्यम घुमवत बसणार. विंगेत उभ्या-उभ्या पेटीवाल्या दादांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बागेश्री काढा ताई, मध्यम आपलाच आहे." बागेश्रीत मध्यमच राजा, तबला मध्यमात असला तरी उलट शोभतो. तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवली आणि बसलो. गाणं बरं झालं. पहिल्या रांगेतले एक आजोबा मात्र उठून जाताना म्हणाले, "सव्वासातला बागेश्री? घाईत आहात का?" त्यांचं बरोबर होतं, तो रात्रीचा राग.

तेव्हापासून साथीदार कोणी का ठरवलेले असेनात, मी स्वतः फोन करते. पट्टी, विलंबित एकताल की तिलवाडा, लय किती ठाय (संथ), द्रुत (जलद) बंदिश कुठल्या तालात, शेवटी अभंग आहे का, म्हणजे पखवाज लागेल का. पाच मिनिटांचं बोलणं. नवीन बंदिश असेल तर गुणगुणून पाठवते. कोणी वयाने मोठे असतील तर फोनची वेळ विचारून घ्या आणि "तुम्ही माझ्या साथीला आहात" असं न म्हणता "तुमची साथ लाभतेय" म्हणा. शब्दांचा हा फरक त्यांना ऐकू जातो.

मंचावर त्यांची नावं बिनचूक घ्या. निवेदकाने चुकवली तर तुम्ही दुरुस्त करा. मधे एक-दोन आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) तबल्याला मोकळी द्या, पेटीला एखादी जागा भरू द्या. आणि चुकलात तर त्यांच्याकडे रागाने बघू नका. सम (तालाची पहिली मात्रा) हुकल्यावर तबलजीकडे डोळे वटारणारा गायक मी पाहिलाय. हॉलमध्ये जाणकार असतातच, सम कोणाची हुकली ते त्यांना कळलेलं असतं.

४. काय गाणार, आणि किती

नवा गायक चाळीस मिनिटांत आपल्याला येणारं सगळं दाखवायला बघतो. एक मोठा ख्याल, एक द्रुत, एक तराणा, एक नाट्यपद, एक अभंग, आणि वर वन्समोअरची आशा. एवढं नको. चाळीस मिनिटांत एक राग नीट आणि एक नाट्यपद किंवा अभंग, बस.

पण तयारी तीन मापांची ठेवा. चाळीस मिनिटांचा आराखडा, पंचवीस मिनिटांचा आणि बारा मिनिटांचा. ऐन वेळी आयोजक येऊन कानात सांगणार, "थोडं आटोपतं घ्या." त्या वेळी मनातल्या मनात कात्री चालवायला गेलात तर आलापही जातो आणि चेहराही पडतो. वेळ कमी म्हणजे गाणं कमअस्सल, असं समजू नका. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, आणि त्या काळातल्या मोठ्या मोठ्या गायकांनी तेवढ्यात राग उभा केला. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अवकाशात गेली तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, तीही साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावची बाई ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली ती साडेतीन मिनिटांत. त्या तबकड्या घड्याळ लावून ऐका: स्थायी किती वेळात मांडली, पहिली तान केव्हा आली, अंतरा कसा आटोपला. यापेक्षा चांगला क्लास नाही.

राग निवडताना वेळ बघाच, आणि तुमच्या आधी-नंतरचे कलाकार काय गाणार तेही विचारा. नंतर ज्येष्ठ कलाकार बसणार असतील तर त्यांचा राग आपण घ्यायचा नाही. आणि भैरवी तर अजिबात गायची नाही. भैरवीने मैफल संपते. पहिल्या नंबरला बसलेल्या मुलाने भैरवी गायली, की पुढच्याला "आता घरी जा" म्हटल्यासारखं होतं. त्यातून प्रेक्षकांत मागून आवाज आला, "भैरवी होऊ दे!" तर हात जोडून नंतर गाणाऱ्या ज्येष्ठांकडे बोट दाखवा. लोकांना ते आवडतं.

५. कार्यक्रमाचा दिवस

सकाळी खर्ज आणि थोडे पलटे, एवढंच. ठरलेला राग दिवसभर गाऊ नका, संध्याकाळी शिळा होतो. कमी बोला. नातेवाइकांचे "ऑल द बेस्ट"चे फोन घरातल्या दुसऱ्या कोणाला घेऊ द्या. जेवण कार्यक्रमाच्या तीन तास आधी, मऊ भात आणि वरण. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. मंचावर बसून गटागटा प्यायलेलं पाणी त्या दिवशीच्या आवाजाला पुरत नाही.

कपड्यांचं थोडं बोलते, कारण नव्या मुली इथे हमखास फसतात. काचेच्या बांगड्या तंबोऱ्यावर आणि मायकात वाजतात. नवी कोरी जरीची साडी मांडी घालून बसल्यावर कंबरेत रुतते आणि श्वास अर्धा होतो. नेसून, बसून, घरी तासभर गाऊन बघा. मुलांनी कुर्त्याचं गळ्याचं बटण उघडं ठेवावं. आणि रियाज गादीवर करत असाल तर आठवडाभर आधी सतरंजीवर बसायची सवय करा. मंचावरची गादी बहुतेक वेळा नुसती पांढरी चादर घातलेली लाकडी फळी असते, आणि विसाव्या मिनिटाला डाव्या पायाला मुंग्या आल्या की मनातला राग उडतो.

प्रवास असेल तर वेळेच्या दोन तास आधी पोचा. भीमसेनजी गाडी स्वतः चालवत गावोगाव जायचे, आणि विमानाच्या फेऱ्यांमुळे त्यांना गमतीने "हवाईगंधर्व" म्हटलं जायचं. आपण भीमसेनजी नाही. एसटी, लोकल किंवा घाटातला ट्रॅफिक यांतलं एक तरी आडवं येणारच. धावत येऊन बसलेल्या गायकाचा पहिला षड्ज कापतो.

६. तंबोरा आणि साऊंड

ही पायरी मी जरा लांबवणार आहे, कारण अर्धी मैफल इथे जमते किंवा पडते.

तंबोरा स्वतःचा असेल तर तो गवसणीतून लवकर काढा. गवसणी म्हणजे वाद्याची खोळ; आकाशाला गवसणी घालणं आपण सहज बोलतो, पण कित्येकांनी खरी गवसणी पाहिलेली नसते. चांगला तंबोरा मिरजेचा. पंढरपूरच्या बाजूचे सुकवलेले भोपळे आणून तिथले कारागीर पिढ्यान् पिढ्या तंबोरे आणि सतारी घडवताहेत, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. घेताना दुकानात वाजवून बघाच, पण त्याहून, घेऊन देणारा कोणी जाणता सोबत न्या.

तंबोरा ग्रीनरूममध्ये लावून मंचावर आणला की उतरतो किंवा चढतो. एसी जोरात असेल तर तारा आखडून चढतात. लोक भरले, दिवे तापले की ढिल्या पडतात. म्हणून वाद्य अर्धा तास आधी मंचावर नेऊन ठेवायचं आणि तिथेच शेवटचं लावायचं. आधी मधली जोडी षड्जात. पेटीचा सूर एकदाच घ्या, मग पेटी बंद, कानाने जुळवा. खुंटी पिळताना आत दाबायची, नाहीतर सुटते. मग पहिली तार पंचमात किंवा रागाप्रमाणे मध्यमात, निषादात. मग खर्ज. खुंटीने जवळ आलं की उरलेलं खालच्या मण्याने. आता घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवायचा. एका जागी तार एकदम बोलायला लागते, भुंगा घुमावा तशी. तीच जवारी. चारही तारा अशा बोलायला लागल्या की डोळे मिटून खर्जाकडे कान द्या. कोणी न वाजवलेला गंधार त्यातून आपोआप ऐकू येतो. तो आला की बसा. नाही आला तर पुन्हा लावा. समोर लोक चुळबुळ करतील, करू देत.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलवरचं ॲप वापरायला काही लाज नाही, सगळेच वापरतात. फक्त मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. विलंबित आलापात बँकेच्या कर्जाचा फोन वाजलेला मी ऐकलाय, आणि ब्लूटूथवरून तो थेट स्पीकरला गेला होता.

साऊंडवाल्या दादांचं नाव आधी विचारून घ्या. "ओ साऊंड!" अशी हाक मारली, की त्यांच्या मनात तुमच्याबद्दल काय येतं ते तुम्हाला मॉनिटरमधून (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) ऐकू येईल. माईक तोंडापासून साधारण वीतभर. फार जवळ घेतला तर आवाज घुमतो, जाड होतो, आणि हरकती चिखलात गेल्यासारख्या वाटतात. मॉनिटरमध्ये तंबोरा भरपूर, स्वतःचा आवाज थोडा, तबला बेताचा मागा. एको अगदी कमी. बऱ्याच ठिकाणी लग्नाच्या वरातीतला एको तसाच सोडलेला असतो. साऊंड चेकला नुसतं "हॅलो हॅलो" करू नका, तार सप्तकात एक ओळ आणि मंद्रात एक ओळ गा. तार षड्जालाच माईक शिट्टी मारतो. आणि मांडणी: आपण मधे, तबला उजव्या हाताला, पेटी डाव्या, तंबोरे मागे. तबल्याचा माईक तुमच्या माईकमध्ये घुसत नाही ना, ते बघा.

माईक लागला की तो चालूच आहे असं धरून बोला. आधीच्या गायिकेबद्दलचं तुमचं मत प्रेक्षकांना कळलेलं चालणार नाही.

७. बैठकीवर

बसल्यावर समोर कोणी ज्येष्ठ गायक-वादक असतील तर हात जोडून परवानगी घ्या. गुरूंचं नाव घेताना हात कानाच्या पाळीला जातोच, तो जाऊ द्या. पण त्याचा तमाशा करू नका. प्रास्ताविकात रागाचं शास्त्र सांगत बसू नका. राग, ताल, साथीदार, झालं.

पहिली पाच मिनिटं आवाज लागत नाही. कोणाचाच लागत नाही. त्या वेळी घाबरून वर पळालात तर सगळी मैफल वरच राहते. षड्जावर बसा, मंद्रात उतरा, सूर स्थिर झाला की मग पुढे. मी पहिल्या रांगेकडे बघत नाही. तिथे पाहुणे बसलेले असतात, आणि पाहुणे मोबाइल बघत असतात. तिसऱ्या-चौथ्या रांगेत मान डोलावणारी एक बाई किंवा एक आजोबा शोधायचे आणि त्यांच्यासाठी गायचं.

मधेच चिठ्ठी येईल. कधी फर्माईश असते, कधी "आवाज वाढवा". मला एकदा गातानाच निवेदकाने येऊन एक चिठ्ठी दिली, मला वाटलं कोणाला तरी पद आवडलं. आत लिहिलं होतं, "पांढरी गाडी गेटसमोरून काढावी." ती पुढच्या आवर्तनाआधी निवेदकानेच जाहीर केली. अशा वेळी हसायचं आणि समेवर यायचं. फर्माईश येत असेल तर गा, येत नसेल तर "पुढच्या वेळी तयार करून येते" म्हणा. अर्धवट येणारं पद लोकांच्या आग्रहाखातर गाऊ नका. त्याच दोन मिनिटांची क्लिप लोक फिरवतात.

लोक बोलत असतील, पोरं पळत असतील, तर काय? किशोरीताई आमोणकरांचा मंचावरचा कडकपणा सर्वश्रुत होता. शांतता हवी, वाद्यं लागेपर्यंत थांबा, म्हणजे थांबा. त्या थांबायला लावत होत्या त्यामागे आई आणि गुरू मोगूबाईंची तालीम आणि कित्येक दशकांची साधना होती. पहिल्या कार्यक्रमात श्रोत्यांना दटावण्याचा अधिकार आपल्याकडे नसतो. आवाज थोडा खाली आणून गा. लोक कान देतात, निदान निम्मे तरी.

८. घसा बसला तर

कार्यक्रम आठवड्यावर आणि घसा बसलाय, हे प्रत्येकाला कधी ना कधी होतं. वाफ घ्या, कोमट पाणी प्या, गप्प बसा. कुजबुजणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. घोगऱ्या आवाजाला कुजबुज फायद्याची नसते. दुखरा घसा गोळी घेऊन बधिर करून गाऊ नका. आवाज नाहीच उघडला तर आयोजकांना दोन दिवस आधी कळवा आणि आपल्या जागी कोण गाऊ शकेल त्याचं नाव स्वतः सुचवा. असं सुचवणारे फार कमी असतात. आणि दोन आठवड्यांनीही आवाज घोगराच असेल तर काढे सोडून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्या. तिथे गाठी असतील तर लवकर कळलेलं बरं. हे सांगतेय कारण मी स्वतः तीन महिने आल्याच्या रसावर घालवले होते.

९. उठल्यानंतर

आधी साथीदारांचं पाकीट. आयोजक तुमच्याकडे एकत्र रक्कम देणार असतील तर विंगेतच मोजून त्यांचं त्यांना द्या, "उद्या जीपे करते" नको. मोठ्या संस्था चेक देतात, आणि रक्कम मर्यादेच्या वर असेल तर दहा टक्के टीडीएस कापतात. तो तुमच्या पॅनवर जमा झालेला दिसतो का, वर्षातून एकदा बघा. कित्येक गायकांचे पैसे तिथे पडून असतात आणि त्यांना पत्ताच नसतो.

विंगेत भेटायला येणारे सगळे "अप्रतिम" म्हणतात. ते ऐकून घ्या, नमस्कार करा, त्यावर विश्वास ठेवू नका. रेकॉर्डिंग त्याच रात्री ऐकू नका, एकतर फार वाईट वाटतं नाहीतर फार छान. दोन दिवसांनी कागद घेऊन ऐका. मी तीनच गोष्टी लिहिते: सूर कुठे उतरला, कुठली जागा दोनदा घेतली, शेवटची दहा मिनिटं घाई झाली का. ऑडिशनसाठी आकाशवाणीला जाणार असाल तर अशी टिपणं फार उपयोगी पडतात. तिथे बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेण्या आहेत, आणि बी मिळाली म्हणून रडायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबलजी आणि पेटीवाल्यांना फोन करा, पैशांसाठी नव्हे, कालच्या गाण्याबद्दल बोलायला. आणि एक वही ठेवा. तारीख, गाव, राग, बंदिशी, पदं, कोण साथीला होतं, लोकांनी काय मागितलं. माझ्या वहीत एका गावापुढे लिहिलंय: "यमन ठरला होता, बागेश्री गायली. आजोबा नाराज. पुढच्या वेळी यमनच, काळी चार स्वतः सांगणे." दोन वर्षांनी तिथूनच फोन आला, तेव्हा मी आधी तबलजींचा नंबर मागितला.